टाळ जरा वर घे

आमच्या सोसायटीच्या भजनी मंडळात माणसं अकरा. त्यांचा साडेपाच मिनिटांचा एक अभंग आषाढीच्या आत ‘जरा नीट करून’ द्यायचं मी कबूल केलं, तेव्हा दोन संध्याकाळचं काम असेल असं वाटलं होतं. सेशन उघडून ट्रॅक मोजले तर एकेचाळीस. अकरा माणसांचे एकेचाळीस ट्रॅक कसे होतात, हे मंडळाच्या खजिनदारांना मी अजून पटवू शकलेलो नाही. ‘कुठेतरी घोळ आहे’ एवढंच ते म्हणतात, आणि त्यांचं अगदीच चुकीचं नाही.

हिशेब असा. क्लब हाउसमध्ये रेकॉर्डिंग झालं तेव्हा माइक आठ होते, कारण माझ्या ऑडिओ इंटरफेसला आठच लागतात. टेक झाले तीन. पहिल्यात बुवांना ठसका लागला. दुसऱ्यात वॉचमन टँकरच्या पावतीवर सही मागायला आला. तिसरा निर्विघ्न पार पडला, पण पेटीवाल्यांच्या मते दुसराच जास्त रंगला होता, म्हणून सगळेच ठेवले. आठ त्रिक चोवीस. (एकाच ट्रॅकमध्ये टेकची चळत रचून ठेवायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. ती मला तिसऱ्या टेकनंतर सापडली.) मग झील ओढणाऱ्या चौघांना आपला आवाज ‘भरीव’ वाटेना, तेव्हा त्यांनी माझ्या घरी येऊन प्रत्येकी दोनदा डबिंग केलं. आठ वाढले. तानपुऱ्याचा एक. माझ्या भाच्याला विचारलं नव्हतं, तरी त्याने कीबोर्डवरचे सहा ट्रॅक पाठवून दिले. आणि दोन अण्णांचे.

अण्णा हे मंडळातले सर्वांत ज्येष्ठ टाळकरी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे कुठे सोडायचं आणि कुठे अडवायचं हे त्यांना पक्कं ठाऊक. क्लब हाउसमध्ये त्यांच्या वाट्याला दाराजवळची जागा आली होती. ‘माझा टाळ जिन्यात गेला’ असं त्यांचं म्हणणं पडलं आणि तो वेगळा डब करायला ते स्वतः आमच्या बेडरूममध्ये हजर झाले. ही बेडरूम म्हणजेच माझा स्टुडिओ. भिंतीला उभ्या गाद्या, मागे उघडं ठेवलेलं साड्यांचं कपाट. आवाज शोषून घ्यायला त्या साड्यांइतकं चांगलं काही मी अजून पाहिलेलं नाही, पण ते बायकोला सांगितलं तर ती आणखी घेईल. अण्णांनी हेडफोन घातला, डावी वाटी कानामागे सारली आणि उजवी तेवढी कानावर ठेवली. मुरलेले गायकही डबिंग करताना एक कान उघडा ठेवतात, म्हणून मला कौतुक वाटलं. “चालू झालं का?” असं त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं. तेव्हा ते झालेलंच होतं. मग साडेपाच मिनिटं न चुकता टाळ वाजवला आणि शेवटी विचारलं, “झालं?” ही दोन्ही वाक्यं नंतर कापून टाकू, असं मी मनाशी ठरवलं.

ट्रॅकना नावं रेकॉर्डिंगच्या आधी द्यायची असतात. हे सगळ्यांना माहीत आहे, आणि जेवणानंतर शतपावली करायची असते हेही सगळ्यांना माहीत आहे. प्रत्यक्षात अकरा माणसं मांडी घालून बसलेली, चहा निवतोय, बुवांनी डोळे मिटलेत, अशा वेळी ‘एक मिनिट, नावं टाइप करतो’ म्हणायची कोणाची छाती होणार? नाव दिलं नाही की सॉफ्टवेअर स्वतःच बारसं उरकतं : ऑडिओ १, ऑडिओ २, ऑडिओ ७-०३. आठवड्याने सेशन उघडलं की ऑडिओ ७-०३ म्हणजे कोणाचा कोण, हे ओळखायला एकेक ट्रॅक सोलो करावा लागतो. सोलोचं बटण दाबलं की तो एकटा वाजतो आणि बाकीचे गप्प बसतात. मी पहिला सोलो केला : टाळ. दुसरा : टाळ. तिसरा : टाळ, मागे थोडे बुवा. आठांपैकी एकच माइक टाळकऱ्यांसमोर होता. उरलेल्या सातांत टाळ आगंतुकासारखा शिरला होता आणि घरच्यासारखा बसला होता.

या धंद्यातलं पहिलं शहाणपण मला इथे मिळालं. पडद्यावर पट्टी असते ती माइकची, वाद्याची नव्हे. टाळाचा ट्रॅक म्यूट केला तरी टाळ थांबत नाही. तो पखवाजाच्या माइकमधून येतो, पेटीच्या माइकमधून येतो, बुवांच्या गळ्याशी धरलेल्या माइकमधून तर ऐटीत येतो. उलट पखवाजाचा ट्रॅक खाली घेतला की पखवाजाबरोबर टाळही थोडा उतरतो आणि कोणाला तरी वाटतं की आपल्याविरुद्ध काही शिजतंय.

बरं, पूर्वी हे सगळं कसं व्हायचं? १९५५च्या १ एप्रिलला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींचं संगीत, एकूण छप्पन गाणी. त्या काळात गाणारे आणि वाजवणारे एकत्र बसत आणि जे व्हायचं ते एकदमच व्हायचं. वाद्य जास्त ऐकू येत असेल तर रेकॉर्डिस्ट त्या वादकाला माइकपासून दोन हात मागे बसवायचा. आवाज कमी-जास्त करायला आज पडद्यावर सरकता फेडर असतो, तेव्हा फेडर म्हणजे खुर्ची. ती सरकवली की काम झालं, आणि खुर्ची रात्रीतून आपोआप मूळ जागी येत नसे. पुढे १९५७मध्ये अमेरिकेत लेस पॉल या गिटारवाल्याने अँपेक्स कंपनीकडून आठ ट्रॅकचं यंत्र बनवून घेतलं आणि घरी आणून ठेवलं. तेवढ्या ट्रॅकचं सुख लंडनमध्ये रेकॉर्डिंग करणाऱ्या बीटल्सनाही लगेच लाभलं नाही. १९६७चा त्यांचा ‘सार्जंट पेपर’ चार ट्रॅकच्या यंत्रांवर झाला. चार ट्रॅक भरले की ते एकत्र करून दुसऱ्या यंत्राच्या एका-दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या जागेत पुढचं घ्यायचं. उतरवलेलं पुन्हा सुटं होत नसे. ढोल जास्त झाला तर झाला. तो आता इतिहास. १९९१मध्ये ‘प्रो टूल्स’ बाजारात आलं तेव्हा कॉम्प्युटरवरही ट्रॅक चारच होते. माझ्या सॉफ्टवेअरला आज मर्यादाच नाही, आणि मर्यादा नसलेल्या गोष्टींचं आपण काय करतो हे माझ्या फोनमधले फोटो बघितले की कळतं. एका अभंगाच्या कच्च्या फाइली पावणेदोन जीबीच्या वर गेल्या आहेत आणि त्यातला एकही ट्रॅक उडवायला हात धजत नाही. न जाणो, तो ठसकाच उद्या कामी यायचा.

एकेचाळीस ट्रॅक पडद्यावर एकदम दिसत नाहीत. चौदा दिसतात. पंधराव्यासाठी माउसचं चाक फिरवायचं. आता हे चाक म्हणजे साक्षात दुटप्पीपणा. बाण मोकळ्या जागेवर असेल तर चाक फिरवल्यावर यादी वर-खाली सरकते. बाण फेडरवर असेल तर यादी जागची हलत नाही, फेडर सरकतो. मी खाली कोरसकडे निघालेला असतो. बाण वाटेत पेटीच्या फेडरवर टेकतो. मी चाक फिरवतो. यादी हलत नाही, म्हणून आणखी फिरवतो. पेटी उणे सहावरून उणे सात, आठ, साडेनऊ. मग लक्षात येतं की बाण चुकीच्या जागी आहे. तो बाजूला घेतो, कोरसपाशी पोचतो, कोरस ठीकठाक करतो, चहा घेतो. दोन तासांनी वाटायला लागतं की गाणं पोकळ वाटतंय. काय कमी आहे? मी बुवांच्या आवाजाचा ईक्यू, म्हणजे जाड-बारीकपणा, बदलतो. रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, वाढवतो. भाच्याचं कीबोर्डवरचं पॅडसुद्धा एकदा चालू करून बघतो, यावरून निराशेची खोली कळावी. आणि पेटी तिकडे विहिरीच्या तळाशी बसून इमानेइतबारे वाजत असते. याला उपाय म्हणजे सेटिंगमधली एक खूण काढायची. ती खूण ज्या पानावर आहे ते पान मला एकदा दिसलं होतं.

दुसरा छळ ऑटोमेशनचा. गाण्यात एके जागी बुवांचा आवाज जरा वर हवा होता, म्हणून फेडर हलवून ती हालचाल मी नोंदवून ठेवली. ते केलं आणि विसरलो. नंतर तोच फेडर मी खाली आणतो आणि गाणं सुरू करतो, तर फेडर माझ्या डोळ्यांदेखत उठून आपल्या जागी जातो. पुन्हा खाली आणतो. पुन्हा वर. बालवाडीतल्या मुलाला दप्तर अडकवून दारात उभं करावं आणि त्याने मुकाट्याने आत येऊन कॉटवर झोपावं, तसा प्रकार. त्याच्या मागे आपलीच जुनी आज्ञा असते, त्यामुळे ओरडायचं तरी कोणावर?

लयीचं तर बोलूच नये. नवं सेशन उघडलं की सॉफ्टवेअर लय १२० धरून चालतं आणि त्या मापाच्या उभ्या रेघा आखून तयार ठेवतं. भजनी ठेका आठ मात्रांचा, तेव्हा चाराच्या हिशेबात तो बसतो. तिथपर्यंत माझं आणि सॉफ्टवेअरचं जमलं. पण भजन सुरू होतं ते एका लयीत आणि संपतं भलत्याच लयीत, आणि तीच तर त्यातली गंमत. तिसऱ्या कडव्यापर्यंत सम रेघेच्या पुढे गेली, पाचव्यापर्यंत ती पुढच्या रेघेला गाठून बसली. म्हणजे दुसऱ्या टेकमधला चांगला तुकडा तिसऱ्यात चिकटवायची सोय नाही. पट्टीचीही तीच कथा. भाच्याच्या ट्रॅकवर ‘सी शार्प पॅड’ असं लिहिलेलं, माझ्या तानपुऱ्यावर ‘काळी एक’. स्वर तोच. पण सॉफ्टवेअरने दोघांना यादीच्या दोन टोकांना ठेवलं आणि मी अर्धा तास काळी एकला जुळणारं पॅड शोधत बसलो.

तिसऱ्या संध्याकाळी बुवा आणि अण्णा ‘सहज’ येऊन मागे खुर्च्या टाकून बसले. फेडरवरचे आकडे उण्यात असतात. शून्याच्या वर गेलं की धोका, म्हणून सगळं शून्याखाली ठेवायचं. उणे सहा म्हणजे लाट उंचीने निम्मी, एवढाच त्याचा अर्थ. पण पडद्यावर ‘बुवा −४.५’ असं लिहिलेलं बुवांनी वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं.

“मला उणे का?”

मी सांगितलं की सगळेच उणे असतात. त्यांनी यादीवरून नजर फिरवली. पेटी उणे सात, पखवाज उणे सहा, कोरस उणे अकरा. आपण वर्गात पहिले आहोत हे पटल्यावर ते शांत झाले. अण्णांनी आपला आकडा शोधला. तो उणे चौदा होता.

“टाळ जरा वर घे,” अण्णा म्हणाले.

मी वर घेतला. “अजून.” घेतला. “अजून जरा.” टाळ हे मुळात तिखट वाद्य, कितीही खाली ठेवा, तो गर्दीतून वाट काढतोच. उणे आठवर पोचलो तेव्हा बुवांचे शब्द ऐकू येईनासे झाले आणि बुवांनी नुसतं खाकरून आपलं मत नोंदवलं. मग मी एक पाप केलं. या धंद्यात ते जुनं आहे असं ऐकून आहे, पण त्याने पुण्य होत नाही. अण्णांचा खरा ट्रॅक मी गुपचूप उणे चौदावर परत नेला, एक नवा रिकामा ट्रॅक टाकला, त्याला ‘अण्णा टाळ मुख्य’ असं नाव दिलं आणि त्याला हिरवागार रंग लावला. मग त्याचा फेडर सावकाश, समारंभपूर्वक, शून्यापर्यंत नेला. त्या ट्रॅकवर काहीही नव्हतं.

अण्णांनी मान डोलावली. “हां. आता कसं? बघा बुवा, फरक पडतो की नाही?”

“पडतो,” बुवा म्हणाले.

ते गेल्यावर मी हसलो. मग पखवाजाकडे वळलो. पखवाजाच्या धुमेचा आवाज जरा ढगळ येत होता, म्हणून ईक्यू उघडला, दोनशे हर्ट्झच्या आसपास थोडं कापलं, वर शाईचा टणत्कार येईल इतकं उचललं. ढगळपणा गेला. आणखी थोडं केलं, आणखी सुधारलं. वीस मिनिटं एवढं मन लावून काम केलं की एकदा डोळे मिटून ऐकलं आणि अंगावर काटा आला. काय बोल उमटत होते! बायकोला बोलावून आधीचं आणि नंतरचं ऐकवलं. तिलाही फरक जाणवला, निदान ती तसं म्हणाली. मग मी पाहिलं की तो ईक्यू दुसऱ्या टेकच्या पखवाजावर लावला होता आणि दुसरा टेक सबंध म्यूट होता. म्हणजे अण्णांना तरी मी फसवलं होतं. मला कोणी?

तेव्हापासून मी पडद्याकडे बघत ऐकत नाही, असं लिहायची इच्छा होती. पण बघतो. ती रंगीत पट्टी वर जाताना दिसली की कान होकार भरतातच.

मग मात्र मी शहाण्यासारखं वागायचं ठरवलं. नावं दिली, फोल्डर केले, भाच्याचे सहा ट्रॅक एका फोल्डरमध्ये घालून त्याचं झाकण लावलं. दिंडीत टाळकरी दोन रांगांत समोरासमोर असतात आणि मध्ये पखवाज, तीच मांडणी धरली : अण्णांचा टाळ पूर्ण डावीकडे, बाकीच्यांचे उजवीकडे, मध्ये पखवाज आणि बुवा. हेडफोन लावून ऐकलं तर खरोखर रांगेतून चालल्यासारखं वाटलं. फाइलला ‘अभंग फायनल’ असं नाव दिलं, त्यानंतर ‘अभंग फायनल २’, ‘अभंग फायनल बुवा ओके’, आणि शेवटी ‘अभंग फायनल खरं’. ती ग्रुपवर टाकली आणि झोपायला गेलो.

रात्री अकराला अण्णांचा फोन.

“ऐकलं. छान आहे. पण माझा टाळ नाही.”

मला घाम फुटला. तो हिरवा ट्रॅक आठवला. “अण्णा, आहे की. नीट ऐका.”

“बाकीच्यांचे आहेत. माझा नाही. माझा टाळ मी ओळखत नाही का? चाळीस वर्षं वाजवतोय. त्या दिवशी तू वर केला होतास ना?”

“केला होता.”

“मग?”

मी पाय ओढत बेडरूमच्या स्टुडिओवाल्या कोपऱ्यात आलो. अण्णांचा टाळ जागेवर होता, डावीकडे, उणे चौदावर, चांगला वाजत होता. मग मला त्या सरकवलेल्या हेडफोनची आठवण झाली. “अण्णा, ऐकताना दोन्ही कानांत लावता ना?” तर म्हणाले, डाव्या कानाने ऐकू येणं पाचेक वर्षांपूर्वीच कमी झालंय, त्यात बोंड कशाला घालायचं? एकच घालतो, उजव्यात.

म्हणजे मी माणसाला त्याच्या बहिऱ्या बाजूला बसवलं होतं आणि वर रिकाम्या फेडरने त्याची समजूत काढली होती. लाज वाटली. खाली बसलो, अण्णांचा ट्रॅक सोलो केला, तो मध्ये आणला, नीट वाजतोय ना ते पाहिलं, पापक्षालन म्हणून दोन डेसिबल वरही घेतला. हिरवा ट्रॅक उडवला. एक वाजून गेला होता. एक्स्पोर्टचं बटण दाबलं. टेपच्या जमान्यात साडेपाच मिनिटांचं गाणं उतरवायला साडेपाच मिनिटंच लागायची, म्हणजे ते निदान एकदा ऐकणं माणसाला चुकत नसे. आता चौदा सेकंदांत फाइल तयार. नाव दिलं ‘अभंग फायनल अण्णा’. ग्रुपवर टाकली, आधीची काढून टाकली, झोपलो.

सकाळी उठलो तो ग्रुपवर एकवीस हात जोडलेले, सात अंगठे. कोणी ‘माउली माउली’ लिहिलं होतं. खजिनदारांनी लिहिलं होतं, ‘बुवांचा आवाज काय लागलाय! डोळ्यांत पाणी आलं.’ खाली बुवांनी स्वतः लिहिलं होतं, ‘सर्व माउलींची कृपा.’ पेटीवाल्यांनी दुसराच टेक वापरल्याबद्दल माझे खास आभार मानले होते. मी सुखावलो. दात घासता घासता म्हटलं, आपणही एकदा ऐकावं.

फाइल सुरू झाली. अण्णांचा आवाज खणखणीत आला, “चालू झालं का?” मग छिन्, छिन्, छिन्, छिन्. मी वाट बघितली. छिन्, छिन्. बुवा आले नाहीत. पेटी आली नाही. पखवाज नाही, तानपुरा नाही. सोलोचं पिवळं बटण रात्रभर तसंच दाबलेलं राहिलं होतं. साडेपाच मिनिटं एकटा टाळ, लय हळूहळू वाढत गेलेली, आणि शेवटी, “झालं?”

ब्रश तोंडात असतानाच फोन वाजला. अण्णा होते.

“हं,” ते म्हणाले, “आत्ता कुठे तुला मिक्सिंग जमलं.”